वाळूचा हिशेब आणि लाटेचे आमिष

जून २००० मध्ये, पावसाळा नुकता लागला असताना, 'रिव्हर प्रिन्सेस' नावाचे अजस्र मालवाहू जहाज गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यापाशी येऊन रुतले. ते हलवायला जवळजवळ बारा वर्षे गेली. मधल्या काळात सरकारला त्यासाठी कायदा करावा लागला, निविदा निघाल्या, वाद झाले, पर्यटक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत राहिले. समुद्राच्या लेखी ते जहाज म्हणजे फक्त एक अडथळा होता. जहाजाच्या आडोशाला लाटांचा जोर ओसरला, तिथे वाळू साठली आणि पुळण जहाजाच्या दिशेने पुढे सरकली. ती वाळू कुठून तरी यायलाच हवी होती. ती शेजारच्या किनाऱ्यावरून आली आणि तिथे धूप वाढली.

समुद्रात अडथळा टाकला की वाळू जागा बदलते. नवी वाळू जन्माला येत नाही. किनारा वाचवण्याच्या प्रत्येक योजनेला ही कसोटी लावली पाहिजे. कृत्रिम रीफबद्दल गेली पंचवीस-तीस वर्षे जगभर जे बोलले गेले आणि बांधले गेले, त्यालाही हीच कसोटी लावायची आहे.

आधी कोणत्या रीफबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट करू, कारण आपल्याकडे एकाच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी चालतात. माशांना आसरा मिळावा म्हणून मत्स्यव्यवसाय खाते समुद्रात सिमेंटचे पोकळ ठोकळे सोडते, त्यांनाही कृत्रिम रीफ म्हणतात. निवतीच्या समुद्रात पर्यटनासाठी जुनी युद्धनौका बुडवण्याची योजना आली, तिलाही तेच नाव मिळाले. ही कामे आपापल्या जागी ठीक आहेत, पण त्यांचा किनाऱ्याच्या धुपेशी संबंध नाही. मी म्हणतो ती रीफ किनाऱ्यापासून शेदोनशे मीटरवर, पाण्याखाली, मुद्दाम लाट फोडण्यासाठी बांधलेली असते. लाट तिच्यावर फुटते, तिची ताकद तिथेच खर्च होते आणि किनाऱ्यावर येते ती थकलेली लाट. आडोशाला वाळू साठते, पुळण रुंदावते. वरून काहीच दिसत नाही, क्षितिज मोकळे राहते.

१९९०च्या दशकात या कल्पनेला आणखी एक पंख फुटला. न्यूझीलंडमधले समुद्रशास्त्रज्ञ केरी ब्लॅक आणि शॉ मीड यांनी जगातल्या नामवंत सर्फिंग किनाऱ्यांच्या तळाची मोजमापे घेतली आणि चांगली लाट कोणत्या आकाराच्या तळावर तयार होते याचा अभ्यास केला. मग किनारा वाचवणारी भिंत त्याच आकारात का बांधू नये? सर्फर येतील, त्यांच्यामागे पर्यटक येतील, खडकाळ आधार मिळाल्याने मासळी वाढेल. एका दगडात दोन नव्हे, तीन पक्षी. 'बहुउद्देशीय रीफ' हा शब्द नगरपालिकांच्या बैठकांत फिरू लागला, आणि या शास्त्रज्ञांशी जोडलेली 'एएसआर' ही कंपनी जगभर अशा रीफ बांधू लागली.

मला ही कल्पना आवडते. तिच्यामागचे विज्ञान खरे आहे आणि समुद्राशी भांडण्यापेक्षा त्याला वळण लावण्याची तिची वृत्तीही चांगली आहे. पण तीन पक्ष्यांचा हा दावा तपासला तर त्यातले दोन पक्षी एकमेकांच्या विरुद्ध दिशेला उडतात असे दिसते.

लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीत आली की फुटते. दोन मीटरची लाट अडीच मीटर पाण्यात कोसळेल. सर्फरला ती एकदम कोसळलेली चालत नाही. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे उलगडत गेली पाहिजे, म्हणजे फुटणाऱ्या भागाच्या पुढे राहून तो तिच्यावरून तिरका सरकू शकतो. त्यासाठी रीफची कड येणाऱ्या लाटेशी ठरावीक कोनात हवी, ती लांब हवी, आणि पाणी इतके उथळ नको की पडल्यावर मान मोडेल. सर्फरला हवा असतो निवांत, स्वच्छ लाटांचा दिवस. किनाऱ्याला गरज असते वादळाच्या रात्रीची. त्या रात्री भरती चढलेली असते, लाटा चार-पाच मीटरच्या असतात, आणि भिंत जितकी रुंद, जितकी उंच, तितके बरे. एकाच बांधकामाला हे दोन्ही धनी सांभाळायचे असतात, आणि पैसे बहुधा अर्ध्या बांधकामापुरतेच मंजूर झालेले असतात.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथजवळ बॉस्कम नावाची वस्ती आहे. किनाऱ्यापासून सुमारे सव्वादोनशे मीटरवर तिथे ५५ अवाढव्य पिशव्या समुद्रतळाशी अंथरून त्यांत वाळू भरण्यात आली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये रीफ खुली झाली. खर्च ठरल्याच्या दुपटीहून वर जाऊन ३२ लाख पौंडांच्या आसपास पोहोचला. लाट तयार झाली, पण सर्फरना ती फार आखूड आणि अवघड वाटली. २०११ मध्ये एका बोटीच्या पंख्याने पिशव्या फाटल्या आणि सुरक्षिततेच्या कारणाने रीफ बंद करावी लागली. बांधणारी 'एएसआर' पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत निघाली. न्यूझीलंडमध्ये, म्हणजे कल्पनेच्या माहेरीच, माउंट माँगानुईच्या रीफजवळ तळाला खड्डा पडला, पोहणाऱ्यांना धोकादायक असे समुद्राकडे ओढणारे प्रवाह तयार झाले आणि २०१४ मध्ये सरकारी खर्चाने तिच्या पिशव्या उपसून काढाव्या लागल्या. कॅलिफोर्नियातली प्रॅट रीफ सर्फिंगच्या नुकसानभरपाईसाठी २००० मध्ये बांधली गेली. किनाऱ्यावरच्या तेल कंपनीच्या बांधकामाने लाट बिघडली होती, त्याचा तो मोबदला. ती इतकी लहान होती की लाटांना तिची दखल घेण्याचे कारणच नव्हते. दहा वर्षांत तीही काढली गेली.

या अपयशांवर हसणारे पुष्कळ आहेत. मला त्यांत गंभीर गोष्ट दिसते ती वेगळी. रीफ ही एक वस्तू म्हणून विकली गेली आणि वस्तू म्हणूनच विकत घेतली गेली. बांधून झाली, फीत कापली, ठेकेदार गेला. पुढच्या वीस वर्षांत पिशव्या कोण तपासणार, वाळू कोण मोजणार आणि बिघडले तर कोणाच्या खिशातून पैसे जाणार, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टचे आहे. तिथे वाळू किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडून उत्तरेकडे सतत वाहत असते, वर्षाला सुमारे पाच लाख घनमीटर. १९६०च्या दशकात दक्षिणेला ट्वीड नदीच्या मुखाशी दगडी बांध लांबवले गेले. नदीचे मुख बोटींसाठी मोकळे राहिले, पण वाळू बांधाच्या दक्षिणेला अडकली आणि उत्तरेचे किनारे उपाशी पडले. १९६७ मध्ये एकामागोमाग वादळे आली तेव्हा या शहराची पुळण वाहून गेली. महापालिकेने हॉलंडच्या डेल्फ्ट प्रयोगशाळेकडून अभ्यास करवून घेतला आणि तेव्हापासून किनाऱ्याची मोजणी हे शहराचे नियमित काम झाले.

रीफ आली ती या सगळ्यानंतर. नॅरोनेक या ठिकाणी समुद्र आणि नेरांग नदी यांच्यामध्ये जमिनीची फक्त अरुंद पट्टी आहे. तिथे १९९९-२००० मध्ये चारशेच्या आसपास पिशव्यांची रीफ बांधली गेली. काम पाहण्यासारखे होते. तळ दुभंगणाऱ्या जहाजाच्या पोटात वीस मीटर लांबीची रिकामी पिशवी अंथरायची, तिच्यात वाळू-पाण्याचे मिश्रण सोडायचे, पाणी झिरपून गेले की पिशवीचे तोंड शिवायचे, उपग्रहाच्या मदतीने जहाज नेमक्या जागी आणायचे आणि पोट उघडायचे. दीडशे ते तीनशे टनांचे ते धूड खाली जाऊन बसते. काही पिशव्या पडतानाच फुटल्या. त्या जागी दुसऱ्या टाकल्या.

त्याच योजनेत किनाऱ्यावर दहा लाख घनमीटरहून अधिक वाळूही आणून टाकली होती, हे रीफच्या जाहिरातीत सहसा सांगितले जात नाही. नॅरोनेकची पुळण टिकली, त्यात या वाळूचा वाटा मोठा आहे आणि रीफचे काम ती वाळू धरून ठेवण्याचे आहे. शिवाय जवळच्या उंच इमारतीवर कॅमेरे बसवून किनारारेषा रोजच्या रोज टिपली गेली. सर्फिंगचा निकाल तिथेही संमिश्रच लागला. पिशव्या झिजल्या तेव्हा, २०१८च्या सुमारास, महापालिकेने नव्या पिशव्या टाकल्या. पुढे २०१९ मध्ये त्याच शहराने पाम बीच येथे दुसरी रीफ बांधली. ती पिशव्यांची न करता दगडांची केली, सुमारे ६०,००० टन, आणि त्याआधी किनाऱ्यावर पुन्हा लाखो घनमीटर वाळू घातली. आधीच्या रीफवरून शिकून केलेले हे काम होते.

याच शहरातला आणखी एक प्रसंग मला या संपूर्ण चर्चेत सर्वांत बोलका वाटतो. ट्वीडच्या बांधांनी अडवलेली वाळू पुढे पोहोचवण्यासाठी न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड या दोन राज्यांनी करार केला आणि २००१ पासून तिथे कायमची यंत्रणा चालू झाली. समुद्रात शिरलेल्या एका धक्क्याखाली पंप बसवलेले आहेत. ते वाळू ओढून घेतात आणि नदीच्या तळाखालून गेलेल्या नळांतून पलीकडच्या किनाऱ्यांवर सोडतात. सुरुवातीला इतकी वाळू गेली की किरा किनाऱ्याची जुनी प्रसिद्ध लाटच गाडली गेली आणि सर्फर संतापले. पण स्नॅपर रॉक्सपासून किरापर्यंत वाळूचा जो लांबलचक उथळा तयार झाला, त्यावर जगातल्या सर्वांत लांब लाटांपैकी एक फुटू लागली. सर्फर तिला सुपरबँक म्हणतात. सर्फिंगसाठी बांधलेल्या कुठल्याही रीफने अशी लाट दिलेली नाही. ती वाळूचा अडलेला प्रवास मोकळा केल्याने मिळाली.

रीफच्या आडोशाला पुळण वाढतेच असेही नाही. रोशांका रणसिंघे आणि इयन टर्नर या संशोधकांनी २००६ मध्ये जगभरच्या पाण्याखालच्या बांधकामांचा आढावा घेतला, तेव्हा बहुसंख्य ठिकाणी आडोशाच्या किनाऱ्याची उलट धूप झालेली त्यांना आढळली. कारण समजण्यासारखे आहे. लाट रीफवर फुटली की पाणी आत ढकलले जाते. त्याला परतायला वाट हवी असते. रीफ किनाऱ्याच्या फार जवळ असेल तर ते पाणी किनाऱ्याला घासत दोन्ही बाजूंनी निघून जाते आणि जाताना वाळू घेऊन जाते. पुरेशी दूर असेल तर प्रवाह आत वळतात आणि वाळू आणून टाकतात. फ्लोरिडातल्या पाम बीचवर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सिमेंटच्या ठोकळ्यांची लांबलचक भिंत पाण्याखाली टाकली होती. मागची धूप वाढली आणि १९९५ मध्ये ती उचलावी लागली. पाचपन्नास मीटर इकडे की तिकडे, यावर उपाय ठरतो की अपाय. असा निर्णय कंपनीच्या माहितीपुस्तिकेवरून घेता येत नाही.

मग आपण काय करायचे? राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार १९९० ते २०१८ या काळात देशाच्या किनाऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग धुपेखाली आला. महाराष्ट्रात हे प्रमाण पाव हिश्शाच्या आसपास आहे. आपले ठरलेले उत्तर म्हणजे धूपप्रतिबंधक बंधारा: दगड, वर टेट्रापॉड, जमले तर काँक्रीटची वाट. बंधारा मागचे घर, माड आणि रस्ता वाचवतो, हे मान्यच केले पाहिजे. घर समुद्रात चालले असताना कोणी पुळणीच्या सौंदर्यावर भाषण ऐकून घेणार नाही आणि घ्यायलाही नको. पण बंधाऱ्यावर आपटलेली लाट मागे फिरताना पायथ्याची वाळू उपसून नेते. काही वर्षांत पुळण जाते, मग पायथा उघडा पडतो, मग बंधारा खचतो आणि दुरुस्तीची निविदा निघते. पुळण गेली की होडी ओढायला जागा राहत नाही, रापण लावता येत नाही, मासळी वाळवता येत नाही, कासवांना अंडी घालता येत नाहीत. हे नुकसान कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेले नसते.

रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या किनाऱ्याने हे सगळे पाहिले आहे. बंधारा घालायचा, उधाणाने तो फोडायचा, पुन्हा घालायचा. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' हे जहाज याच बंधाऱ्यावर येऊन आदळले. आशियाई विकास बँकेच्या कर्जातून किनारा संरक्षणाचा कार्यक्रम आखला गेला, तेव्हा मिऱ्यासाठी पाण्याखालची रीफ आणि सोबत वाळूचा भराव, असा आराखडा पुढे आला होता. तो प्रत्यक्षात उतरला नाही. पुढे शंभर कोटींहून अधिक खर्चाचा टेट्रापॉडचा बंधारा मंजूर झाला. त्याच कार्यक्रमात कर्नाटकातल्या उल्लाळला मात्र रीफ झाल्या. तिथे दिलासा मिळाला, पण दक्षिणेच्या सोमेश्वर-उच्चिलच्या पट्ट्यातली घरे आजही पावसाळ्यात लाटांच्या तोंडी असतात. एका गावापुरता आखलेला उपाय शेजारच्या गावाला पोहोचत नाही.

मिऱ्याला रीफ झाली असती तर सारे ठीक झाले असते असे मी म्हणणार नाही. कोकणच्या समुद्राचा स्वभाव वेगळा आहे. केरळातल्या कोवळमला भरती-ओहोटीतला फरक मीटरच्या आसपास असतो. तिथे २०१० मध्ये याच 'एएसआर'ने वाळूच्या पिशव्यांची रीफ बांधली, आणि तरीही कोवळमची पुळण आजही पावसाळ्यात झिजते. रत्नागिरीकडे उधाणाला हा फरक अडीच मीटरच्या आसपास जातो आणि मुंबईत चार मीटरच्या पुढे. म्हणजे ओहोटीला माथ्यावर हातभर पाणी असलेली रीफ उधाणाच्या भरतीला पुरुषभर खोल बुडालेली असेल, आणि आपल्याकडे घरे पडतात ती नेमकी त्याच वेळी, जून-जुलैच्या उधाणात. माथा उंच घ्यावा तर ओहोटीला होड्यांच्या वाटेत दगड उभे. मार्ग काढता येईल, माथा रुंद करून, दगडांचा ढीग मोठा करून. पण मग खर्च नॅरोनेकच्या हिशेबाने धरता येणार नाही. दुसरे असे की आपल्या बऱ्याचशा पुळणी दोन डोंगरी टोकांच्या मध्ये वसलेल्या आहेत. पावसाळ्यात वाळू आत समुद्रात जाते आणि आश्विन-कार्तिकापर्यंत परत येऊ लागते. हे येणे-जाणे न मोजता, एका उन्हाळ्यातल्या पाहणीवर रीफ किंवा बंधारा आखणे म्हणजे अर्धाच किनारा पाहणे आहे.

सर्फिंगचे आमिष आपण सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्नाटकातल्या मूल्कीला किंवा तमिळनाडूतल्या कोवलाँगला सर्फिंग रुजले ते तिथल्या नैसर्गिक लाटांवर. कोकणात पावसाळ्यात दर्या खवळलेला आणि उन्हाळ्यात लाटा मवाळ, अशा जागी लाटेसाठी आकार घडवण्यात पैसा घालणे चुकीचे ठरेल. आपली रीफ एकाच कामासाठी असावी: पुळण टिकवणे. मासळी वाढली तर ते वरचे उत्पन्न समजावे.

पुदुच्चेरीचे काम मला जवळचे वाटते ते यामुळे. १९८०च्या दशकात तिथे बंदराचे बांध आले, वाळूचा प्रवाह अडला आणि शहरासमोरची पुळण जाऊन तिथे दगडांची रांग राहिली. राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २०१८ मध्ये सुमारे ९०० टनांची पोलादी, पाचरीच्या आकाराची रीफ उत्तरेच्या बाजूला बसवली, बंदराच्या गाळातली वाळूही वापरली, आणि गांधी पुतळ्याजवळ लोक पुन्हा वाळूत उतरू लागले. खाऱ्या पाण्यात पोलादाची निगा राखणे सोपे नाही. पण वाळूचा प्रवाह कुठे अडला हे आधी शोधून मग तिथे हात घातला गेला, आणि बांधणारी संस्था काम संपल्यावर देश सोडून जाणारी नव्हती.

आपल्याकडे साधने नाहीत अशी सबब देता येणार नाही. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या आणि किनाऱ्यांच्या प्रतिकृती उभारून लाटांची परीक्षा कित्येक दशके होत आली आहे. कमी आहे ती किनाऱ्याची नियमित मोजणी, आणि वाळूचा माग वरपर्यंत, खाडी आणि नदीपर्यंत काढण्याची तयारी. खाड्यांतून यंत्राने वाळू उपसली जात असताना त्याच खाडीच्या मुखाशी रीफ बांधली, तर ती धरणार काय? वाळू उपशाचा परवाना एक खाते देते, बंधाऱ्याची निविदा दुसरे काढते, बंदराचा धक्का तिसरे बांधते, आणि या तिघांच्या कागदांत वाळू कुठेही एकत्र येत नाही. गोल्ड कोस्टला दोन राज्यांना एका करारावर सह्या कराव्या लागल्या. आपल्याला तर एकाच राज्यातली खाती एकत्र बसवायची आहेत.

किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी किनारा संरक्षणाचा आराखडा गावात येईल, तो बंधाऱ्याचा असो की रीफचा, तेव्हा ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मागा: निदान दोन पावसाळे धरून केलेली वाळूची मोजणी, शेजारच्या गावाच्या पुळणीवर होणारा परिणाम, आणि बांधकामानंतरच्या वीस वर्षांच्या देखभालीची तरतूद कोणत्या खात्यात आहे त्याचा आकडा. यातली एक जरी गोष्ट नसेल, तर तो आराखडा ठराव करून परत पाठवा.